मैदानाचा सातबारा

मामाच्या खडकीच्या घरात लोखंडी पलंगाखाली डालड्याचा एक जुना डबा असायचा. बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, वर धरायला तारेची कडी, आत मैदान आखायची पांढरी फक्की. शेजारी सुतळीचं गुंडाळं, त्याला ठरावीक अंतरावर चार गाठी मारलेल्या. रविवारी सकाळी साडेपाचला मामा हे दोन्ही स्कूटरच्या पायाशी ठेवायचा, मला मागे बसवायचा आणि आम्ही मैदानावर जायचो. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होता. तरुणपणी एका छोट्या क्लबचा गोलकीपर होता. जिल्ह्याच्या लीगमध्ये कायम खालच्या गटात खेळणारा क्लब. मी त्याच्याबरोबर जायला लागले तोवर त्याचं खेळणं सुटलं होतं, पण मैदान आखणं सुटलं नव्हतं. क्लबचं स्वतःचं म्हणावं असं होतं तरी काय? एका रंगाच्या बारा-तेरा जर्सी, दोन बॉल, दर पावसाळ्यात उंदीर कुरतडत असलेली नेटची जोडी आणि हा डबा. मैदान क्लबचं नव्हतं. कधी कॅम्पातलं धोबीघाट मैदान, कधी खडकीतलं एखादं मोकळं रान, ज्या रविवारी जे मिळेल ते.

त्या सुतळीबद्दल मला सांगायलाच हवं. पहिली गाठ सहा यार्डांवर, दुसरी दहावर, तिसरी बारावर आणि चौथी अठरावर. या चार गाठींमध्ये फुटबॉलचं मैदान जवळजवळ सगळं मावतं. सहा म्हणजे गोलपुढचा छोटा चौकोन. बारा म्हणजे पेनल्टीचा ठिपका. अठरा म्हणजे मोठा चौकोन. दहाची गाठ सगळ्यात कामाची, कारण मधलं वर्तुळ दहा यार्ड त्रिज्येचं असतं आणि पेनल्टीच्या ठिपक्यापासून मोठ्या चौकोनाबाहेरचा कमानदार तुकडा, म्हणजे डी, तोही दहाच यार्डांवर काढायचा असतो. मामा मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकायचा, दहाची गाठ मुठीत धरायचा आणि गोल फिरत डबा मांडीवर हलकेच आपटत चालायचा. टप टप टप. फक्की भोकांतून गळायची आणि उजाडता उजाडता जमिनीवर पांढरं वर्तुळ उमटायचं. फक्कीत गुठळी राहिली तर भोक बुजतं आणि रेष तुटते, म्हणून शनिवारी रात्री मामी ती रव्याच्या चाळणीनं चाळून द्यायची. ती चाळणी वेगळी ठेवलेली होती, हे मामीच्या वतीनं सांगते.

माझं काम कॉर्नरला सुतळीचं टोक धरून उकिडवं बसायचं. मामा लांब पलीकडच्या टोकाला जायचा आणि ओरडायचा, "ताणून धर गं, सैल सोडू नकोस!" सुतळी सैल पडली की रेष पोट काढते. बोटांना सुतळीचे वळ उठायचे. मॅच संपेपर्यंत मुलांच्या बुटांनी निम्म्या रेषा पुसून जायच्या, उरलेल्या आठवडाभराच्या क्रिकेटमध्ये जायच्या. पुढच्या रविवारी परत पहिल्यापासून.

हे एवढं लांबण लावलं, कारण मला ज्या मैदानाबद्दल लिहायचं आहे ते पुण्यापासून सुमारे सात हजार किलोमीटरवर आहे. आहे म्हणू की होतं? इंग्लंडमधल्या यॉर्क गावातलं बूथॅम क्रेसेंट. यॉर्क सिटी या क्लबचं 1932 पासून 2020 पर्यंतचं घर. फक्कीची सुतळी हातात धरून मोठी झाले नसते तर त्या मैदानात मला चार भिंती आणि एक गवताचा तुकडा यापलीकडे काही दिसलं नसतं.

2009 च्या सप्टेंबरात मी एम.ए.साठी यॉर्कला गेले. खोली मिळाली ती बर्टन स्टोन लेनजवळ, लाल विटांच्या चिकटून बांधलेल्या घरांच्या रांगेत, माडीवर. पहिल्या संध्याकाळी खिडकी उघडली तर धुराड्यांच्या रांगेमागे एक उंच खांब आणि त्यावर दिव्यांची पाटी. मला वाटलं रेल्वेचं यार्ड असेल. शनिवारी दुपारी गल्लीतून लाल-पांढरे मफलर घातलेली माणसं चालत जायला लागली, आजोबा आणि नातवंडं, हातात हात घालून एक म्हातारं जोडपं. मी त्यांच्या मागोमाग गेले. दोन वळणं घेतल्यावर घरांच्या मधोमध, शेजारच्यानं अंगण झाडावं इतक्या जवळ, स्टेडियम.

आपल्याकडे स्टेडियम म्हटलं की डोळ्यांपुढे हायवे, पार्किंग आणि भलंमोठं कुंपण येतं. इथे मैदानाच्या भिंतीला लागून लोकांची परसं होती. जोरात मारलेला बॉल कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीवर जाईल असं वाटावं. गेटावरच्या पाटीवर नाव होतं किटकॅट क्रेसेंट. मला आधी हसू आलं, मग कारण कळलं. किटकॅट यॉर्कचंच अपत्य. याच गावातल्या राउंट्री कंपनीनं ते 1935 मध्ये बाजारात आणलं, 1988 मध्ये राउंट्री नेस्लेकडे गेली आणि 2005 मध्ये नेस्लेनं क्लबला पैसे देऊन मैदानाला चॉकलेटचं नाव दिलं. वाऱ्याची दिशा बरोबर असली की गावात भाजलेल्या कोकोचा वास यायचा. मी गेले ते त्या नावाचं शेवटचं वर्ष. पण रांगेत उभा असलेला एकही माणूस ते नाव घेत नव्हता. सगळे बूथॅम क्रेसेंटच म्हणत. आपणही रस्त्यांची नवी नावं पाटीवर वाचतो आणि रिक्षावाल्याला जुनंच सांगतो, तसं.

यॉर्क सिटी तेव्हा इंग्लंडच्या पाचव्या पायरीवर खेळत होता. वर चार डिव्हिजन, मग हे. टीव्हीवर दिसतं ते इंग्लिश फुटबॉल आणि हे यांच्यात, वानखेडे आणि धोबीघाट यांच्यात आहे तेवढं अंतर. पण पाचव्या पायरीवरच्या या क्लबच्या मॅचला दोन-अडीच हजार माणसं येत होती, आणि त्यांतली बरीचशी तीच तीच.

मी गोलमागच्या टेरेसवर उभी राहायचे. टेरेस म्हणजे खुर्च्या नसलेल्या सिमेंटच्या पायऱ्या, मध्ये मध्ये टेकायला लोखंडी दांडे. त्या स्टँडचं नाव डेव्हिड लाँगहर्स्ट स्टँड. मला वाटलं कुणी देणगीदार असेल. शेजारी नेहमी उभ्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं. लाँगहर्स्ट हा क्लबचा फॉरवर्ड. 8 सप्टेंबर 1990 ला लिंकन सिटीविरुद्धच्या मॅचमध्ये हाफ टाइमच्या थोडं आधी याच मैदानावर कोसळला आणि गेला. पंचवीस वर्षांचा होता. हृदयाचा विकार कुणाला माहीतच नव्हता. मॅच तिथेच थांबली. तोवर ही गोलमागची बाजू उघडी होती, लोक पावसात उभे राहायचे. पुढच्या वर्षी त्यावर छप्पर घातलं आणि त्याला त्याचं नाव दिलं. त्या गृहस्थांनी हे सांगताना बोटानं वरच्या पत्र्याकडे दाखवलं. त्या दिवशी पाऊस होता आणि आम्ही कोरडे होतो.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी मी त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि मैदानाचा इतिहास तुकड्या-तुकड्यांनी ऐकला. बाकीचं विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचलं, अभ्यास सोडून. क्लब स्थापन झाला 1922 मध्ये. पहिलं मैदान फुलफर्डगेट, गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनपासून लांब. 1929 मध्ये क्लब वरच्या डिव्हिजनांच्या फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला, पण लांबच्या मैदानावर माणसं येईनात. इकडे बूथॅमजवळ यॉर्क क्रिकेट क्लबचं मैदान रिकामं होत होतं. क्रिकेटवाले गेले आणि 1932 मध्ये फुटबॉलवाले आले. क्रिकेटच्या जागेवर फुटबॉल! हे मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की मामीला हाक मारून परत सांगायला लावलं. आयुष्यभर त्यानं रविवारी सकाळी क्रिकेटवाल्या पोरांशी जागेसाठी भांडणं केली होती.

मग 1938. एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधले लहान-मोठे क्लब एकत्र खेळतात त्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची क्वार्टर फायनल, समोर हडर्सफील्ड टाउन. त्या दिवशी या चिमुकल्या मैदानात 28,123 माणसं होती. मी ज्या पायऱ्यांवर ऐसपैस उभी होते, तिथे माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून श्वास घेत असतील. 1955 मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना हा क्लब थेट एफए कपच्या सेमीफायनलला पोचला आणि न्यूकॅसलला पहिल्या मॅचमध्ये बरोबरीत रोखून दुसरीत हरला. 1984 मध्ये एका मोसमात 101 गुण मिळवून चौथी डिव्हिजन जिंकली. त्याआधी इंग्लिश लीगमध्ये कुणी शंभरी गाठली नव्हती.

पण गृहस्थांचा आवाज बदलायचा तो 26 जानेवारी 1985 च्या गोष्टीला. (मी म्हटलं, आमचा प्रजासत्ताक दिन. त्यांनी दर वेळी पुढे तेही सांगायला सुरुवात केली.) पुन्हा एफए कप, आणि पाहुणे लंडनचा बलाढ्य आर्सेनल. आदल्या दिवसांत बर्फ पडलेला. मॅच होणार की नाही अशी स्थिती. सकाळी गावकरी फावडी घेऊन मैदानावर आले आणि बर्फ उपसला. हे गृहस्थही त्यांत होते. रेषा सापडेनात, म्हणून आधी रेषांवरचा बर्फ काढला. मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य आणि मग यॉर्कला पेनल्टी. कीथ हाउचेननं ती मारली. 1-0. आर्सेनल बाहेर. पुढच्या फेरीत लिव्हरपूलला याच मैदानावर 1-1 असं रोखलं, मग तिकडे जाऊन सात गोलांनी मार खाल्ला. तेही त्यांनी तेवढ्याच अभिमानानं सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र रेषा राहिल्या. बर्फाखालची पांढरी रेष पांढऱ्या बर्फात शोधणारी माणसं.

आता सातबाऱ्याकडे येते.

आपल्याकडे जमिनीवरून दोन भाऊ कोर्टात गेले की म्हातारी माणसं एकच प्रश्न विचारतात, सातबाऱ्यावर नाव कुणाचं? कुणी कसली, कुणी राखली, कुणी घाम गाळला, हे सगळं नंतर. बूथॅम क्रेसेंटच्या बाबतीत हा प्रश्न 1999 मध्ये आला. तोवर मैदान क्लबचं होतं. त्या वर्षी क्लबच्या संचालकांनी मैदान एका वेगळ्या कंपनीकडे वर्ग केलं, जी कंपनी त्यांचीच होती. कागदावरची एक हालचाल. शनिवारी येणाऱ्या माणसाला काहीच फरक जाणवला नाही. तीच पायरी, तोच चहा. 2001 च्या डिसेंबरात अध्यक्षांनी क्लब विकायला काढला, आणि गिऱ्हाईक मिळालं नाही तर क्लब लीगमधूनच काढून घेऊ असं जाहीर केलं. तेव्हा लोकांना कळलं की क्लब आपल्याच घरात भाडेकरू झालाय आणि घरमालकाला जागा रिकामी हवी आहे.

पुण्यात वाड्यांत राहिलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. माझं स्वतःचं बालपण एका वाड्यात गेलं. तो ज्यानं घेतला त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. आजीनं चाळीस वर्षं ज्या तुळशीला पाणी घातलं त्या वृंदावनाच्या जागी आता लिफ्टचा खड्डा आहे, एवढंच सांगते. आजीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

यॉर्कमध्ये लोक गप्प बसले नाहीत. चाहत्यांनी एकत्र येऊन ट्रस्ट काढला, डबे फिरवून पैसे गोळा केले. मधल्या काळात 2002 मध्ये मोटार शर्यतीत गाड्या चालवणाऱ्या एका गृहस्थांनी क्लब घेतला. वर्ष संपायच्या आत क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या ताब्यात गेला. आगीतून फुफाट्यात. 2003 च्या मार्चमध्ये शेवटी ट्रस्टनं क्लब ताब्यात घेतला. तिकीट काढून येणारी माणसं मालक झाली. 2004 मध्ये फुटबॉलच्या मैदानांसाठी असलेल्या एका निधीतून वीस लाख पौंडांचं कर्ज काढून मैदानही परत मिळवलं. आणि त्याच मोसमाच्या शेवटी संघ तळाला गेला, पंचाहत्तर वर्षांनी फुटबॉल लीगबाहेर पडला. घर राहिलं, पत गेली. मी गेले तेव्हा क्लब पाचव्या पायरीवर होता तो असा.

मी विचारलं, तुम्हाला कशाचं जास्त वाईट वाटलं? ते म्हणाले, लीगमध्ये परत जाता येतं. मग बरंच थांबून गोलपोस्टकडे बघत म्हणाले, माझा भाऊ तिथे आहे.

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं, भावाची रक्षा त्यानंच सांगून ठेवल्याप्रमाणे गोलपुढच्या मातीत ठेवली आहे. त्याच्या एकट्याचीच नाही. बूथॅम क्रेसेंटच्या गवताखाली अशा कितीतरी घरांतली माणसं होती. मी त्यानंतरचा सगळा हाफ त्या सहा यार्डांच्या चौकोनाकडे बघत उभी राहिले. गोलकीपर पुढे-मागे करत होता, बुटानं माती उकरत होता. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. भावाला तरी आणखी काय हवं असणार?

त्याच वर्षी पुण्यात मामाचं दुसरं तारुण्य चाललं होतं. 2008 मध्ये तो निवृत्त झाला आणि 2009 मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढला. क्लब स्थापन होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. घरचं मैदान म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल. मामा खडकीहून औंधमार्गे स्कूटरनं जायचा, सत्तरीतला एक मित्र मागे बसवून. मॅच संपली की मला फोन. मी इकडची मॅच सांगायची, त्यानं तिकडची सांगायची. पहिल्याच मोसमात पुणे एफसी भारतात तिसरा आला. यॉर्क सिटी त्याच मोसमात पाचवा आला, वर चढण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर रिचर्ड ब्रोडीनं अगदी शेवटी गोल करून ल्यूटनला हरवलं आणि मेमध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर फायनलमध्ये ऑक्सफर्डकडून 3-1 अशी हार झाली. मी त्या रात्री रडत फोन केला तर मामा म्हणाला, "अगं, हरले तरी घरी जायला घर आहे ना त्यांना?"

बालेवाडीचं संकुल उभं राहिलं 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. मामा तेव्हा मला घेऊन गेला होता. आजूबाजूला शेतं होती आणि इतकं मोठं काहीतरी मी पहिल्यांदाच बघत होते. 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या तेव्हा त्याचं रूप पुन्हा पालटलं. चांगलंच स्टेडियम आहे ते, मी नाव ठेवणार नाही. पण ते बांधलं गेलं स्पर्धांसाठी. फुटबॉलच्या मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात रस्त्याएवढं अंतर पडतं. मामाची तक्रार तीच. "गोलकीपरला मागच्या माणसांचं बोलणं ऐकू यायला पाहिजे. शिव्या घातल्या तरी चालतील, पण ऐकू यायला पाहिजे."

पुणे एफसी 2012-13 मध्ये देशात दुसरा आला. 2015 नंतर तो क्लब उरला नाही. 2014 मध्ये एफसी पुणे सिटी आला, इंडियन सुपर लीगचा झगमगाट घेऊन, बालेवाडीतच. एकदा सेमीफायनलपर्यंत गेला. 2019 मध्ये त्याचा लीगमध्ये खेळण्याचा हक्क नव्या मालकांकडे गेला आणि संघ हैदराबादला, नव्या नावानं. मध्ये दोन मोसम डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये खेळला, घरचं मैदान पुन्हा तेच. तोही पुढे त्या लीगमध्ये दिसला नाही. म्हणजे बारा वर्षांत एकाच मैदानावर तीन बिऱ्हाडं. मामानं तिन्ही संघांचे मफलर घेतले होते. मामी ते एकत्र घडी करून ठेवायची आणि म्हणायची, आता चौथा आणू नका, कपाटात जागा नाही.

मला या क्लबांच्या मालकांबद्दल काही म्हणायचं नाही. फुटबॉल चालवणं हा भारतात तोट्याचा धंदा आहे आणि त्यांनी काही वर्षं तरी पुण्याला मोठं फुटबॉल दाखवलं. माझं दुखणं वेगळं आहे. क्लब बुडायला आला तेव्हा यॉर्कमध्ये अडवायला माणसं होती, कारण त्यांचे आजोबा त्याच पायरीवर उभे राहिले होते, त्यांनी स्वतः त्याच रेषांवरचा बर्फ काढला होता, त्यांचे भाऊ त्याच गोलपुढे होते. एका जागी सत्तर वर्षं राहिल्याशिवाय हे होत नाही. आमच्याकडे माणसं कमी नव्हती. मामासारखी किती होती! त्यांना मुळं धरायला वेळच मिळाला नाही. आणि ज्या छोट्या क्लबांनी खरोखर पन्नास-साठ वर्षं काढली, त्यांना कुठल्याच मातीला आपलं म्हणता आलं नाही. दर रविवारी फक्कीनं आखायची, सोमवारी पुसलेली बघायची.

यॉर्कची गोष्टही काही गोड शेवटाची नाही. 2012 मध्ये आठ दिवसांच्या अंतरानं वेम्ब्लीवर दोनदा जिंकून क्लब लीगमध्ये परतला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते, मामा पेढे घेऊन आला. 2016 मध्ये पुन्हा बाहेर, 2017 मध्ये आणखी एक पायरी खाली. आणि मैदान वाचवलं ते कायमचं नव्हतंच. कर्ज फेडायचं तर जुनी जागा घरबांधणीला विकून गावाबाहेर नव्या स्टेडियममध्ये जायचं, असं ठरलेलं होतं. वर्षानुवर्षं ते लांबलं. अखेर 28 डिसेंबर 2020 ला बूथॅम क्रेसेंटवर शेवटची मॅच झाली. गाइजली नावाच्या संघाविरुद्ध, 3-1 अशी जिंकली. करोनामुळे एकही प्रेक्षक आत नव्हता. अठ्ठ्याऐंशी वर्षं ज्यांनी ती जागा भरली त्यांना निरोपालाही येता आलं नाही. फेब्रुवारीत क्लब माँक्स क्रॉसच्या नव्या स्टेडियममध्ये गेला.

त्या डिसेंबरच्या रात्री मी मामाकडे होते. लॉकडाउन सैल झाल्यावर मी आठवड्यातून दोनदा जायचे, मास्क लावून, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. मी फोनवर स्कोअर वाचत होते. शेवटची शिट्टी झाल्याचं वाचलं आणि दोघंही गप्प झालो. मग मामानं विचारलं, "आणि त्या गृहस्थांच्या भावाचं काय?"

दहा वर्षांपूर्वी फोनवर एकदा सांगितलेली गोष्ट. मी शोधून वाचून दाखवलं. तिथे घरं होणार, पण आराखड्यात मधली जागा मोकळी ठेवायची आहे. जुन्या टेरेसच्या थोड्या पायऱ्या ठेवायच्या आहेत आणि ज्यांची माणसं त्या मातीत आहेत त्यांच्यासाठी एक स्मृतिबाग करायची आहे. मामा ऐकत होता. म्हणाला, "बघ, विकली तरी विचारून विकली." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "माझं मात्र इंद्रायणीतच सोडा बरं का. तुझ्या डोक्यात काहीतरी येईल म्हणून सांगून ठेवतो. आपल्या मैदानावर उद्या काय उभं राहील कुणाला ठाऊक? मला कुणाच्या पार्किंगखाली नको जायला."

मी हसले नाही. त्याला ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं.

2022 च्या पावसाळ्यात मामा गेला. आळंदीला नदी दुथडी होती. भटजींनी घाई करा म्हणून सांगितलं आणि आम्ही त्यानं सांगितलं तसं केलं. घर आवरताना पलंगाखाली डबा निघाला. बूड गंजून भोकं एकमेकांत मिसळली होती. तो मामीनं भंगारात दिला, मला विचारून. सुतळी मी ठेवली. ती मूळची सुतळी नाही, मधे दोन-तीनदा बदलली असेल, पण गाठी त्याच अंतरांवर आहेत. मी टेपनं मोजल्या. अठराची गाठ अडीच इंच चुकीची निघाली. म्हणजे मामाच्या क्लबनं कितीतरी वर्षं अडीच इंच मोठ्या पेनल्टी बॉक्समध्ये फुटबॉल खेळलं. गोलकीपरला हात लावायला तेवढी जास्त जागा!

या जानेवारीत एका रविवारी सकाळी सुतळी पर्समध्ये टाकून मी धोबीघाट मैदानावर गेले. क्लब अजून आहे, अजून खालच्याच गटात. मैदान आखायला तिघं पोरं आली होती. त्यांतला एक मामाच्या जुन्या सेंटर हाफचा नातू, हे नंतर कळलं. त्यांच्याकडे फक्कीसाठी चाकाची गाडी होती, पण टोक धरायला चौथा माणूस नव्हता आणि तिसरा चहा आणायला गेला होता. मी काही बोलले नाही, जाऊन कॉर्नरला उकिडवी बसले. गुडघे आता पूर्वीसारखे वळत नाहीत. पोरगा दुसरं टोक घेऊन चालत गेला, लांब, धुक्यात जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत. मग तिकडून हाक आली.

"ताई, ताणून धरा! सैल सोडू नका!"